अक्का आणि चौदा हॉलतिकिटं

अक्का संस्थेच्या दाराला कुलूप लावत तेव्हा आम्ही जिन्यात गप्प उभे राहायचो. त्या मोठ्यानं बोलत. "खिडक्या तीन. तिन्ही लावल्या. पंखा बंद. किल्ली उजव्या हातात. कुलूप लावलं. ओढलं. परत ओढलं. किल्ली गळ्यात." मध्येच कुणी एक शब्द बोललं तर अक्का थांबत, दार उघडत आणि खिडक्यांपासून पुन्हा सुरुवात करत. नव्या मुलांना हसू यायचं. जुन्यांना माहीत असायचं की हसलं तर गावाकडची शेवटची एसटी चुकते.

मंगळवार पेठेत एका भांड्यांच्या दुकानावर त्यांची टायपिंगची संस्था होती. मी तिथं नव्वदच्या दशकात दोन वर्षं जात होते. मी गारगोटीकडची. वडील सरकारी कचेरीत शिपाई होते, ते नोकरीत असतानाच गेले. मी त्याच वर्षी बी.ए. झाले होते, घरातली पहिलीच. वडिलांच्या जागी मला कारकून म्हणून घेतलं. आदेशाच्या कागदावर शेवटी एक ओळ होती: दोन वर्षांच्या आत मराठी टायपिंगची परीक्षा उत्तीर्ण न झाल्यास सेवा समाप्त करण्यात येईल. घरी आई, पाठची दोन भावंडं आणि माझा पगार. ती ओळ मला पाठ होती. कचेरीतून सुटले की मी धावत अक्कांचा जिना चढायचे.

अक्का तेव्हा पन्नाशीच्या असाव्यात. माहेर कर्नाटकाच्या हद्दीजवळचं, त्यामुळं घरातलं बोलणं निम्मं कानडी. धाकटा भाऊ त्यांना अक्का म्हणायचा, म्हणून सगळी पेठच अक्का म्हणायची. घरातून निघताना बरोबर पाच वस्तू घ्यायच्या हा त्यांचा नेम होता आणि त्या पाच कानडीत मोजत. वाटेत भाजीवालीशी बोलताबोलतासुद्धा त्यांची बोटं मोजत असायची. चार भरले की त्या जागच्या जागी वळायच्या. भाजीवाली ओरडायची, "अवं अक्का, छत्री हितं हाय की. कवापास्नं मी धरून बसलीया."

त्या लिंगायत होत्या. गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग असायचं. एकदा मशीनची रिबन बदलताना त्या मला म्हणाल्या, "जन्मल्यापासून माझ्याकडनं ही एकच वस्तू हरवली न्हाई. का सांग. बांधलीया म्हणून." हा धडा त्यांनी पुढं चालवला होता. इष्टलिंगाच्या दोऱ्याला त्या दुसरं काही लावत नसत, पण शेजारी आणखी तीन दोऱ्या असायच्या: एकीला किल्ली, एकीला चष्मा, एकीला पेन. भाऊ चिडवायचा, "अक्का, तुझा गळा म्हंजे खुंटी झालीया." अक्का म्हणायच्या, "होऊ दे. खुंटी जाग्यावर असती."

संस्थेच्या एका भिंतीवर ओळीनं खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याखाली काळ्या ऑइलपेंटनं त्या वस्तूची आकृती काढलेली होती. कात्री, ब्रश, तेलाची बाटली, स्क्रू ड्रायव्हर, शिक्क्यांची पिशवी. सकाळी भिंत भरलेली असायची. संध्याकाळपर्यंत निम्म्या आकृत्या रिकाम्या व्हायच्या आणि अक्कांचा आवाज चढायचा. "कात्री न्हाई. कात्री कुणी नेली? मीच नेली असणार. उठा सगळी." मग आम्ही टायपिंग सोडून कात्री शोधायचो. ती कधी पाण्याच्या माठावर सापडायची, कधी कागदांच्या रिमात. मी एकदा विचारलं, आकृत्या कशाला. त्या म्हणाल्या, "वस्तू समोर न्हाई म्हटल्यावर ती जगात हाय हेच माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई. आकृती रिकामी दिसली की निदान कळतं, काहीतरी गेलंय."

सासरी त्या वर्षभरच राहिल्या होत्या. त्याबद्दल कुणी विचारायचं नाही असं आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं होतं. पुढं एकदा त्याच आपण होऊन बोलल्या. "तिथं भिंतीवर आकृत्या काढू देत न्हवते," एवढंच म्हणाल्या आणि मशीनवर वाकल्या.

हीच बाई मशीनसमोर बसली की वेगळी व्हायची. अडकलेलं एक अक्षर सुटेपर्यंत चार-चार तास उठायची नाही. चहा शेजारी निवून त्यावर साय धरायची. पलीकडच्या खोलीतून नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचं कोण काय चुकतंय. "तीन नंबरवर कोण हाय? करंगळी उचल की जरा. झोपलीया ती." तीन नंबरवरचा मुलगा दचकून ताठ व्हायचा. दूध तापवताना मात्र त्या हातात पळी धरून शेगडीसमोर उभ्या राहायच्या, पळी खाली ठेवायच्या नाहीत. पळी सुटली की दूध विसरलं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

टायपिंग शिकणाऱ्यांची एक चूक असते. डोळे कागदावर असतात, बोटं मशीनवर, आणि कान मोकळे असतात. शेजारी कुणी काही बोललं की ते शब्द बोटांतून कागदावर उतरतात. करणाऱ्याला पत्ता नसतो. नगरपालिकेच्या ठरावात मध्येच 'चहा सांगू का' असं टाईप झालेलं असायचं. अक्का ते लाल पेन्सिलीनं गोल करत आणि समासात एकच शब्द लिहीत: कान. माझ्या कागदांवर हा शब्द फार असायचा. अक्का तर दिवसभर स्वतःशी मोठ्यानं बोलायच्या, आणि माझी जागा त्यांच्या टेबलाजवळ होती. शेवटी मी त्यांचं बोलणं ऐकायचंच नाही अशी सवय लावून घेतली. पंख्याच्या आवाजासारखं ते मला ऐकू येईनासं झालं.

पहिल्या खेपेला मी नापास झाले. दोन वर्षांच्या आत आता एकच परीक्षा उरली होती.

हॉलतिकिटं संस्थेच्या नावानं एकत्र येत. अक्का दुसऱ्याचा कागद कधी स्वतःजवळ ठेवत नसत. फार पूर्वी एका मुलीचा शाळेचा दाखला त्यांच्याकडून हरवला होता. सापडला तेव्हा तिच्या प्रवेशाची तारीख उलटून गेली होती. तेव्हापासून हॉलतिकिटांचा गठ्ठा आला की भावाच्या कपाटात जायचा आणि परीक्षेच्या सकाळी भाऊच तो केंद्राच्या गेटवर घेऊन यायचा. त्या खेपेला भाऊ डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेला होता. गठ्ठा परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी आला. आम्ही म्हणालो, आत्ताच वाटून टाका. पण निम्मी मुलं त्या दिवशी यायची नव्हती. "उद्या गेटवर देते सगळ्यांना," अक्का म्हणाल्या. "आज मी हितनं हलतच न्हाई."

त्या काळी परीक्षेला मशीन आपली न्यावी लागत. ज्या मशीनवर वर्षभर बोटं बसली तीच परीक्षेत हवी असायची. परीक्षेच्या सकाळी सातला टेम्पो यायचा, फडक्यात बांधलेली मशीन केंद्रावर जायची आणि नंबराप्रमाणे बाकांवर मांडली जायची. एकदा मांडली की हॉल बंद. मग संस्थेच्या माणसानं आत पाऊल टाकायचं नाही. माझं मशीन सात नंबरचं. त्याचं एक अक्षर आदल्या दिवशी अडकायला लागलं होतं. मी आठ नंबरवर सराव करत होते आणि अक्का शेजारी सात नंबर उघडून बसल्या होत्या. संध्याकाळी मशीन सुटलं, अक्कांनी माझा सरावाचा कागद तपासून दिला, मी उचगावला मामाकडं गेले.

सकाळी सव्वानऊला आम्ही चौदाजण केंद्राच्या गेटवर उभे होतो. परीक्षा दहाला. अक्का आल्या. गळ्यात दोऱ्या होत्या, खांद्याला पर्स होती. बोटं पाच मोजत होती. त्यांनी पर्स उघडली आणि त्यांचा हात आत तसाच राहिला.

"गठ्ठा न्हाई," त्या म्हणाल्या.

"पर्समध्ये नीट बघा की," उचगावचाच एकजण म्हणाला. तोही माझ्यासारखाच नोकरी टिकवायला आलेला.

अक्कांनी पर्स कट्ट्यावर रिकामी केली. अस्तर उलटं केलं. एका मुलाला किल्ली देऊन सायकलवर संस्थेत पाठवलं. तो गेला तेव्हा साडेनऊ वाजायला आले होते.

"काय केलंसा हे अक्का," मागून एक मुलगी म्हणाली. "माझी सासरची माणसं येऊ देत न्हवती. भांडून आली मी."

"माहीत हाय गं."

"माहीत हाय आणि तरी?"

गेटवरचा शिपाई म्हणाला, "पावणं, जरा कडंला सरा. ज्यांच्याकडं तिकीट हाय त्येंनी पुढं या." दुसऱ्या संस्थांची मुलं आमच्या मधून वाट काढत आत जाऊ लागली. माझ्या डोळ्यांपुढं आदेशाची ती ओळ होती.

तेवढ्यात सायकलवाला घामाघूम परत आला. टेबलावर नाही, खणात नाही, भिंतीवर नाही.

अक्का माझ्याकडं वळल्या. "ठेवताना मी बोलले असणार. मी बोलल्याबिगर काय ठेवत न्हाई. काल माझ्याजवळ तू होतीस. काय बोलले मी?"

मी आठवायचा प्रयत्न केला. मला फक्त पंखा आठवत होता. तासभर मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले होते, आणि त्यांचा एक शब्द माझ्याजवळ नव्हता. बाकीचे तेराजण माझ्या तोंडाकडं बघत होते.

"मी ऐकत नव्हते, अक्का."

"बरं," त्या म्हणाल्या. मग एकदम म्हणाल्या, "तुझा कालचा कागद कुठाय?"

तो माझ्या पिशवीत होता. चुका बघायला म्हणून आणलेला. अक्कांनी चष्मा लावला आणि ओळींवरून बोट फिरवलं. उतारा कालव्याच्या दुरुस्तीचा होता. सातव्या-आठव्या ओळीवर बोट थांबलं. तिथं टाईप झालं होतं: 'सदर काम पावसाळ्यापूर्वी पूर्ण सातच्या पोटात करण्यात यावे.' मधल्या दोन शब्दांभोवती लाल गोल होता आणि समासात अक्कांच्याच अक्षरात लिहिलं होतं: कान.

मशीनच्या खालच्या पोकळ भागाला आम्ही पोट म्हणायचो. गठ्ठा वाऱ्यानं उडू नये म्हणून अक्कांनी तो सात नंबरच्या पोटात सरकवला असणार. परीक्षेला मशीन विसरून कुणी जात नाही, तेव्हा तिकिटंही विसरणार नाहीत, असा हिशेब. मग अक्षर दुरुस्त करण्यात त्या बुडाल्या आणि वर फडकं बांधून टाकलं. तिकिटं वेळेवर केंद्रावर पोचली होती. आमच्याही आधी, बंद हॉलमध्ये.

शिपायानं निरोप दिला तसे केंद्रप्रमुख गेटवर आले. भला माणूस असावा, पण घाबरलेला. "हॉल बंद झालाय. तुमच्या संस्थेचं मशीन मी आता उघडलं आणि उद्या कुणी तक्रार केली तर माझ्यावर येतं," ते म्हणाले. "परीक्षार्थींनी लेखी द्या. तिकिटं का मिळाली नाहीत ते स्पष्ट लिहा, सगळ्यांच्या सह्या करा. मग मी माझा शिपाई पाठवतो. दहा मिनिटं आहेत."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी कचेरीत काम करत होते, असे अर्ज रोज हाताखालून जायचे. मी कट्ट्यावर कागद ठेवला. पिशवीत पेन हाताला लागेना. अक्कांनी आपलं पुढं केलं. दोरी आखूड होती. मी लिहीत असताना त्यांना माझ्या खांद्याजवळ मान वाकवून उभं राहावं लागलं. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

मी लिहिलं: 'संस्थाचालिकेच्या निष्काळजीपणामुळे आम्हां परीक्षार्थींना प्रवेशपत्रे वेळेत मिळू शकली नाहीत.' केंद्रप्रमुखांनी हा शब्द सांगितला नव्हता. तो माझाच होता. कचेरीच्या सवयीनं आला की रागानं आला, हे मी पुढं बरीच वर्षं स्वतःला विचारत राहिले. राग होताच.

अक्कांनी ओळ वाचली. पेन त्यांच्या गळ्यात असल्यामुळं न वाचणं त्यांना शक्यच नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तारीख घाल."

चौदाजणांनी वाकून, अक्कांना आणखी वाकवून, त्याच पेनानं सह्या केल्या. दहाला तीन मिनिटं कमी असताना शिपायानं तेलाचे डाग पडलेलं पाकीट बाहेर आणलं. मी आत जाऊन सात नंबरवर बसले. अक्षर एकदाही अडकलं नाही.

मी पास झाले. नोकरी राहिली. धाकटा भाऊ शिकला, बहीण नर्स झाली. ते सगळं परीक्षेतल्या त्या सात मिनिटांच्या उताऱ्यावर उभं आहे, आणि तसे उतारे अक्कांनी माझ्याकडून दोन वर्षं घोटून घेतले होते. तो अर्ज मात्र वर गेला. संस्थेला नोटीस आली, पुढच्या खेपेला त्यांना मुलं बसवता आली नाहीत. पेठेत बोभाटा झाला. नंतर दोनतीन वर्षांत कॉम्प्युटरचे वर्ग निघाले. मुलं कशामुळं कमी झाली हे नेमकं सांगता येणार नाही. संस्था बंद झाली हे खरं. मी पेढे घेऊन एकदा गेले होते, नोटिशीच्या आधी. नंतर जायचा धीर झाला नाही. मधल्या काळात बदली राधानगरीला झाली, लग्न झालं, ती कारणं मला पुरली.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. माझी मुलगी चौथीत होती. महिन्याला तीन कंपासपेट्या हरवायची, एकच चप्पल घालून शाळेतून यायची. तिच्या बाईंनी डॉक्टरांकडं पाठवलं. डॉक्टर प्रश्न विचारत होते. समोर नसलेली वस्तू विसरते का. आवडीच्या कामात तहानभूक हरपते का. मी उत्तरं देत होते आणि थोड्या वेळानं मला कळलं की मी मुलीबद्दल बोलतच नाहीये. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, एडीएचडी, म्हणजे लक्ष जागेवर न राहण्याचा. मोठेपणीही राहतो म्हणाले. मग म्हणाले, "एक शब्द घरातून काढून टाका. निष्काळजी. ह्या माणसांना काळजी आपल्यापेक्षा जास्त करावी लागते."

त्या रविवारी मी अक्कांकडं गेले. त्या भावाच्या घरी मागच्या खोलीत राहत होत्या. केस पांढरे झाले होते. टेबलावर एक मशीन होतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही, हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं.

"मोठ्या माणसालाबी असतंय?" शेवटी त्या म्हणाल्या.

"लहानपणापासूनच असतं, अक्का."

"आमची अव्वा, माझी आई, म्हणायची, मुद्दाम करतीस. मी मुद्दाम करत न्हवते."

"नव्हता करत, अक्का."

मग मी अर्जाचं बोलले. तो शब्द मी घातला होता, कुणी सांगितला नव्हता, तो खोटा होता. हे बोलायला मला बारा वर्षं लागली होती, आणि बोलून झाल्यावर काही हलकं वगैरे वाटलं नाही.

"त्या दिवशी तुझं तोंड बघितलंतं मी," त्या म्हणाल्या. "दुसरा शब्द लिहिला असतास तर त्या साहेबानं दार उघडलं नसतं."

"तरीपण तो खोटा होता."

"व्हय. खोटा होता." त्यांनी मशीनवरचं फडकं काढलं. "बस. नवीन लिही."

"कुणाच्या नावानं?"

"माझ्या."

मी बसले. कागद घातला, तारीख घातली आणि थांबले. अक्का शेजारी उभ्या होत्या. "तो काढलास, आता काय घालशील?" त्यांनी विचारलं. कचेरीत वीस प्रकारचे शेरे मला येत होते, इथं एकही चालेना. बऱ्याच वेळानं मी टाईप केलं: 'संस्थाचालिकेने चौदा प्रवेशपत्रे अतिशय काळजीपूर्वक ठेवली होती. ती कोठे ठेवली, हे त्यांना त्या वेळी आठवले नाही. सर्व परीक्षार्थी परीक्षेस बसू शकले, ते त्यांनीच ती शोधल्यामुळे. यापूर्वी मी लिहिलेला शब्द चुकीचा होता.' खाली सही केली.

अक्कांनी कागद दोनदा वाचला. लाल पेन्सील कुठं उमटली नाही. त्यांनी नीट घडी घातली. मग खोलीभर नजर फिरवली, कपाट, खण, गादी, देवाचा कोनाडा. एकेका जागेवर नजर थांबत होती आणि पुढं सरकत होती. शेवटी त्यांनी घडी माझ्यापुढं धरली.

"तुझ्याकडंच ठेव. माझ्याकडं ऱ्हायचा न्हाई."

तो कागद माझ्या टायपिंगच्या दाखल्यासोबत एकाच प्लास्टिकच्या पाकिटात आहे. महिन्या-दोन महिन्यांनी अक्कांचा फोन येतो. मुलीची चौकशी करतात, ती आता कशाला काय बांधते ते विचारतात. मग म्हणतात, "कागद हाय न्हवं?"

"आहे, अक्का."

"बघून सांग."

मी उठते, कपाट उघडते, पाकीट हातात घेते आणि बघून सांगते.